शून्य फ्रिजपाशी

आता माझी फजिती ऐकाच. चहा गार झाला तरी बेहत्तर!

माझी नोकरी केंद्र सरकारची, नकाशे आणि मोजणीच्या खात्यात इंजिनिअरची. डोंगर मोजलेत हो मी! आणि दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा मोजताना... असो, क्रमाने सांगतो.

ओट्यावर नवा ग्रॅनाइट बसवायचा होता. पण ओटा तिरका, भिंत वाकडी, कोपऱ्यात पाइप. नुसती लांबी-रुंदी घेऊन काय उपयोग? म्हटलं, शास्त्रशुद्ध करू. एक बिंदू शून्य धरायचा. तिथून एक रेघ उजवीकडे, एक आपल्याकडे. मग सिंक असो, शेगडी असो, प्रत्येकाचा पत्ता दोन आकड्यांत!

पण शून्य धरायचं कुठे? अख्ख्या स्वयंपाकघरात नीट काटकोनातली वस्तू एकच, ओट्याला टेकलेला फ्रिज. कित्येक वर्षांत जागचा हललेला नाही. धरलं त्याच्या कोपऱ्याला शून्य!

सकाळी मापं घेतली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी पडताळून बघतो, तर सिंक दोन बोटं सरकलेलं! शेगडी? तीही. तिरका कोपरा? तोसुद्धा!

तुम्ही म्हणाल, सगळंच सारखं सरकलं म्हणजे... हो हो, आता कळतंय! तेव्हा मला आठवला फक्त परवाचा भूकंपाचा हादरा.

"सुनंदा, भिंत सरकलीय!"

"अहो, आधी हातपाय तर धुवा," बायको म्हणाली.

हातपाय कसले धुतोय! मी सोसायटीच्या सेक्रेटरींना, चोप्राजींना, फोन लावला.

"पक्का है, जोशीजी?"

"बिल्कुल! आँकड़े झूठ नहीं बोलते!"

झालं. बघता बघता जिना माणसांनी भरला. वरच्या मजल्यावरच्या मल्होत्रा आंटी दागिन्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी पोटाशी धरून खाली उतरल्या. मी मध्यभागी उभा राहून जमीन कशी खचते ते समजावतोय, आणि लोक चक्क ऐकतायत!

सगळ्यात शेवटी गॅस बंद करून सुनंदा आली.

"अहो, पण तुम्ही मोजलंत कुठून?"

"फ्रिजच्या कोपऱ्यापासून."

"तो तर मी दुपारी सरकवला! मागे केवढी झुरळं झाली होती."

माझ्या पायाखालची जमीन मात्र आता खरंच सरकली.

"भाभीजी क्या कह रही हैं?" चोप्राजींनी विचारलं.

"यही, कि बिल्डिंग वहीं है। फ्रिज खिसका है।"

कुणी हसलं, कुणी पुटपुटलं, जो तो घरी निघाला. मल्होत्रा आंटी मात्र बरणी सोडेनात.

"पहले कोई इंजीनियर बोले कि बिल्डिंग ठीक है, तब ऊपर जाऊँगी।"

चोप्राजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आंटीजी, इंजीनियर तो ये खड़े हैं।"

आंटींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"और कोई नहीं है क्या?"