हळदीत घसरलेला सूर

भो, सकाळपासून नुसता जळफळाट होतोय, खोटं कशाला बोलू?

धुळ्यात मी आणि हर्षल लग्नांत पावरी, म्हणजे आमच्याकडची नाचायची धून, वाजवायचो. मी कीबोर्डवर, तो मिक्सर आणि रेकॉर्डिंगवर. त्यापायी मी कॉलेज सोडलं. तो पुण्याला गेला. आता जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक मिसळून ट्रॅक बनवतो, नाव झालंय त्याचं.

आज आमच्या गल्लीतल्या पल्लवीनं तिचा एक इयरफोन माझ्या कानात घातला. "हर्षलचा नवा ट्रॅक, ऐक ना!"

सॅक्सोफोनखाली माझीच पावरी, संथ केलेली! पल्लवीच्या भावाच्या हळदीत माझा सूर घसरला होता, तोच तुकडा पुन्हा पुन्हा.

"असलं वेडंवाकडं फक्त त्यालाच सुचतं रे," ती म्हणाली.

सांगू का तिला, की ती चूक माझी होती? आणि ती समोर नाचत होती म्हणूनच झाली होती?