साराला कुणी सांगितलं?

काशीत रामघाटावर पुराण लागलं की आमची ही पहिल्या रांगेत बसायची आणि ऐन रंगात मधेच विचारायची, "मग त्याची आई कुठं होती?" पुराणिकबुवा वैतागायचे. त्यांनीच हिचं नाव शंकाबाई ठेवलं. बुवांचंही खरं होतं. राजा वनात निघाला, राक्षस मेला, ऋषीनं शाप दिला, काही असो, हिला त्याची आईच हवी. एकदा बुवा म्हणाले, "शंकाबाई, राक्षसालाही आई लागते का?" ही म्हणाली, "आभाळातून पडला काय मग तो?" बायका पदरात तोंड घालून हसल्या. हसली नाही ती हीच.

मी आचारी माणूस. वेदपाठशाळेत दोन वेळचा स्वयंपाक माझ्याकडे होता. अक्षरं लावून वाचता येतं, त्यापुढं शाळा नाही. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि ती गेल्यावर आता नव्यानं जीभही वळत नाही. म्हणून 'ही'च म्हणतो.

हिच्या शंकेचं मूळ सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमचा दत्तू चार वर्षांचा होता. मी यात्रेकरूंबरोबर विंध्याचलला स्वयंपाकाला गेलेलो. ही बाजूला बसलेली, खालच्या अंधाऱ्या खोलीत, शिवाशिव नको म्हणून. वर माडीत दत्तूला पटकी झाली. हिला रडणं ऐकू यायचं. हिनं विचारलं तर माझी आई वरून सांगायची, "पोट दुखतंय त्याचं, झोपेल आता." आणि झोपला तो. लहान लेकराला इथं जाळत नाहीत, मल्लाह होडीतून नेऊन, दगड बांधून गंगेत सोडतो. चौथ्या दिवशी ही न्हाऊन वर आली आणि म्हणाली, "दत्तू कुठाय?" आई म्हणाली, "गंगेला दिला." ही म्हणाली, "कुठं?" आई म्हणाली, "गंगेत का जागा असते?"

मी परतलो तेव्हा ही चुलीपुढं भाकरी थापत होती. पुराणात प्रश्न विचारायला लागली ती त्यानंतर.

बायबल घरात आलं ते आई गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी. इंग्रजांचं राज्य, मिशनच्या बाया गल्लीगल्लीतून हिंडायच्या. त्यांतली एक नगरकडची निघाली. काशीत बाहेर सगळा हिंदी कारभार, मराठी फक्त चुलीजवळची. मराठी छापलेलं पुस्तक बघून हीच भुलली आणि ठेवून घेतलं. पोथी म्हटल्यावर पोथीसारखीच वागणूक. धुतल्या फडक्यात बांधली, पाटावर ठेवली, वर फूल. दुपारी पाठशाळेतली भांडी आवरली की मी हातपाय धुवून वाचायला बसायचो. गुरुजींच्या कानावर गेलं. म्हणाले, "आचारी, बाटाल!" मी म्हटलं, "गुरुजी, वाचतोय नुसतं, जेवत नाही त्यांच्यात." नोकरी राहिली ती माझ्या आमटीमुळं.

पोथी मरणावर बंद करायची नाही, हा आमचा नेम. काहीतरी बरं घडेस्तोवर पुढं वाचायचं. त्या पोथीत सुरुवातीलाच एक अध्याय असा आला, अमक्याला मुलगा झाला, अमका शेकडो वर्षं जगला आणि मेला. त्याच्या मुलाला मुलगा झाला, तोही मेला. थांबायला जागाच मिळेना. संध्याकाळचा स्वयंपाक खोळंबलेला.
"अहो, कुणी जन्मला की गुंडाळा."
"अगं, जन्मतोय तो लगेच मरतोय!"
शेवटी हनोख म्हणून एक आला. तो मेला असं लिहिलेलं नाही, देवानं नेला म्हणे. ही म्हणाली, "इथं बांधा." तेवढ्यात डोळे पुसले हिनं.

प्रलय वाचला तेव्हा म्हणाली, "एवढी मोठी नाव, मल्लाह नाही एकही?" मग जरा वेळानं, "आणि बाकीच्यांची पोरं?" मी पान उलटलं.

मग तो अब्राहाम आला. म्हातारपणी झालेला एकुलता एक मुलगा, आणि देव म्हणतो, मला बळी दे. म्हातारा पहाटे उठला, गाढवावर खोगीर घातलं, लाकडं फोडली, पोराला घेऊन डोंगराकडे निघाला.
"सारा कुठं होती?" हिनं विचारलं.
सारा त्या पोराची आई. मी मागची ओळ पाहिली, पुढची पाहिली. नव्हती. "घरी असेल," म्हटलं.
"साराला कुणी सांगितलं?"
"पोथीत नाही. आणि पोरगा वाचला गं. एडका कापला त्याच्या जागी. संपलं."
"पुढं बघा."
पुढच्या अध्यायाच्या तोंडालाच सारा मेली होती. मी वाचलं, मग माझा मलाच राग आला.
ही म्हणाली, "म्हणजे सांगितलं कुणीतरी. अर्धंच सांगितलं."

त्या दिवशी मी नेम मोडून पोथी मिटली. ही म्हणाली, "दत्तूला नेलं तो मल्लाह शोधा."

घाटाघाटावर विचारत गेलो. शिंदे घाटावर एक म्हातारा मल्लाह जाळं सांधत बसला होता. म्हणाला, "हम ही ले गए थे, काका. याद है. बूढ़ी माई रोती नहीं थी, बस मुँह में आँचल ठूँसे थी." माझी आई अशी, हे मला तिथं कळलं.

हिला घाटावर आणून होडीत बसवलं. म्हाताऱ्यानं संकठा घाटासमोर वल्ही उचलली, मागं वळून घाटाच्या पायऱ्यांकडे बघितलं, थोडं डावीकडे घेतलं आणि म्हणाला, "यहीं, माई." वाहत्या पाण्यात त्याला काय कळणार, असं माझ्या मनात आलं. पण तो अडखळला नाही. हिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.
"गार आहे हो," एवढंच म्हणाली.

त्यानंतर हिनं एकही प्रश्न विचारला नाही. मी पुढं वाचत गेलो. राहेल म्हणून एक वाटेतच बाळंत होऊन मेली, तिच्या थोरल्या मुलाला, योसेफाला, भावांनी विकलं. मुद्दाम थांबून मी वाट बघायचो. ही ऐकायची, मान हलवायची. पुराणिकबुवाही एकदा म्हणाले, "शंकाबाई गप्प का?" मला ते गप्प राहणं सोसवत नव्हतं. माघात तापाचं निमित्त झालं आणि ही गेली.

त्या अब्राहामाचं पुढचं मी आता एकटा वाचतो. सारा मेल्यावर म्हातारा परक्या गावच्या लोकांपुढं वाकला, फुकट नको म्हणाला, शेत आणि गुहा विकत घेऊन बायकोला तिथं ठेवलं. मला त्याचा हेवा वाटतो, सरळ सांगतो. हिच्या अस्थी मी संकठा घाटासमोर दत्तूपाशी सोडल्या. म्हाताऱ्या मल्लाहानं जागा दाखवली म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात तोही गेला.

आता त्याचा मुलगा होडी नेतो. मधे गेल्यावर विचारतो, "किधर, काका?"

मी हात करतो. दर वेळी निराळ्याच बाजूला होतो.