चाळीस शिपायांची कल्हई

दौंड, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. नळ सव्वासहाला आला, पाऊण तास होता. पुण्याचे गृहस्थ अकराच्या सुमारास मुजीबचे शिपाई घ्यायला आले आणि बाराच्या आत परत गेले. दुपारी सुफियाचा भाऊ शिरूरहून आला.

डायरीच्या पानावर एवढंच मावलं. बाकीचं वेगळ्या कागदावर लिहिते, कारण अयुबभाईंबद्दल आज गल्लीत जे बोललं गेलं ते पुरतं खरं नाही.

अयुबभाई माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. वय बहात्तर, धंदा कल्हईचा. भाता आणि पोतं सायकलला बांधून ते वडगाव रासाई, कवठे येमाईपर्यंत जायचे. लग्नसराईत आठ-आठ दिवस घरी नसायचे. माझ्या पातेल्यांना पंचवीस वर्षं त्यांचाच हात लागला. एकदा मी म्हटलं, बुडाशी रुपयाएवढी गेली आहे, तेवढीच लावा. ते हसले.

"वहिनी, भांड्याला ठिगळ लावत न्हाईत. सगळी उतरवायची, मगच नवी. न्हाईतर गिऱ्हाईक एक बोट फिरवतं आन् उठून जातं."

पुढे घरोघर स्टील आलं आणि भाता माळ्यावर गेला. मुलगा मुजीब रांजणगावच्या एका कारखान्यात रंगखात्यात लागला. घरी आल्यावर तो धातूचे दीड इंची शिपाई रंगवायचा. पुण्यात काही हौशी लोक असे शिपाई टेबलावर मांडतात आणि फासे टाकून लढाया खेळतात. तीन वर्षांत त्याने चाळीस रंगवले. डोळ्यांतली बुबुळं दोन केसांच्या ब्रशने.

"दिवसभर कंपनीचे पत्रे रंगवतो, घरी येऊन बाहुल्या," अयुबभाई चिडवायचे. "ही वरात हाय का लढाई?"

"लढाई, अब्बा."

"मग गालांना लाली कशापायी?"

गेल्या सप्टेंबरात कामावरून परतताना मुजीब मोटरसायकलवरून पडला आणि गेला. त्याची बायको सुफिया हिची इद्दत, नवऱ्यामागची चार महिने दहा दिवसांची, संपली तसं तिच्या भावाने कळवलं की, कमाई नसलेल्या घरात बहिणीला ठेवणार नाही. तिला जायचं नव्हतं. बाजारातला एक टेलर कापडाच्या कडा शिवायचं त्याचं जुनं इंटरलॉक मशीन तीस हजारांना विकायला तयार होता. शिपाई विकून मशीन आलं, तर ती आणि सहा वर्षांची मुलगी इथेच राहतील, एवढं भावाने कबूल केलं. मुदत आजची.

पुण्याच्या गृहस्थांशी पत्रव्यवहार इंग्रजीतून होता, म्हणून तो मी केला. फोटो पाहून त्यांनी नगाला हजार कबूल केले. अकरा शिपायांचे रंगाचे टवके उडाले होते, काहींचे भाले वाकले होते; त्यांचे निम्मे. मी ते अयुबभाईंना वाचून दाखवलं.

"म्हंजी टवक्यानं भाव पडतो?"

"पडतो."

"बरं झालं सांगितलंत."

पत्रात पुढे आणखी एक ओळ होती. कोरा शिपाई दीडशेला मिळतो, बाकीची किंमत मुजीबच्या रंगाची आहे. ती मी वाचली नाही. बापाला हे ठाऊक असणारच, असं मला वाटलं.

आज गृहस्थांनी खोकं उघडलं. आत चाळीस शिपाई चांदीसारखे चकचकीत. एकाही भाल्याला बाक नाही. रंगाचा ठिपका कुठेच नाही.

"काल सुफिया बाजारात गेली तवा केलं," अयुबभाई म्हणाले. "कॉस्टिक सोड्यात बुडवले, मग राख आन् चिंच. कथील दिसतंय, वितळलं असतं, म्हणून आच दाखवली न्हाई. बघा, एक डाग सापडणार न्हाई."

गृहस्थांनी एक शिपाई उजेडात धरला. उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी रंगाचे पैसे देत होतो. आणि घासून घासून नाक, बटणं सपाट झालीत. कोऱ्याचा भावसुद्धा यांना येणार नाही. सगळ्यांचे तीन हजार देतो, तेही एवढ्या लांब आलोय म्हणून."

अयुबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "टवके होते ना, वहिनी?"

"होते," मी म्हटलं. "पण उरलेला रंगच विकायचा होता. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

सुफिया दारात उभी होती. तिने एक शिपाई उचलला, चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. "देऊन टाका, अब्बा," एवढंच म्हणाली.

भाऊ तीनला आला. अयुबभाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. "आठ दिवस दे, बेटा. मी गावोगाव हिंडतो."

"चाचा, आता कोण कल्हई लावतंय?" तो हळूच म्हणाला. "तुम्हाला बोल लावत नाही मी. पण ठरलं ते ठरलं."

गल्लीत आक्काबाई म्हणाल्या, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं, पोराची निशाणी विकू द्यायची नव्हती. तसं नाही. निशाणी त्यांना द्यायचीच होती, सून आणि नात ठेवून घ्यायची होती. त्यांना जे काम येत होतं ते त्यांनी चोख केलं.

चारच्या एसटीने तिघं गेली. अयुबभाई स्टँडवर पोचवायला गेले नाहीत.

संध्याकाळी डायरीत एक ओळ वाढवली: दूधवाल्याला सांगितलं, अयुबभाईंकडे उद्यापासून एक लिटर नको, पाव लिटर.