उपेक्षित अण्णा

उमाशंकर अण्णाला मी शाळेपासून ओळखतो, आणि त्याच्याबद्दल मला एकदाही बरं वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस वाईट नाही. वाईट व्हायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. अहमदपूरला त्याचं खत-बियाणांचं दुकान, लातूरला चुलत्याचं मंगल कार्यालय, आणि खिशात कायम तयार असलेले 'दोन शब्द'. तिकीट मागायचं, मिळालं नाही की 'पक्षानं आम्हाला उपेक्षित ठेवलं' म्हणत गावभर फिरायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. झेडपीला उपेक्षित, बाजार समितीला उपेक्षित. एकदा तर सोयऱ्याच्या लग्नात सत्काराला नाव उशिरा पुकारलं म्हणून मांडवातच उपेक्षित होऊन बसला, आणि जेवायला मात्र पहिल्या पंगतीला.

महामाया सोनकांबळे बाई आमच्या शाळेत संगीत शिकवतात. मी तिथंच चित्रकला शिकवून रिटायर झालो. बाईंची मावशी सिकंदराबादला नर्स होती. तिच्याकडं राहून बाई सुगुणम्मा टीचरकडं पियानो शिकल्या. लातुरात माझ्या माहितीत पियानो दोन, त्यातला वाजतो एकच, तो आमच्या शाळेतला. या सुगुणम्मांनी तरुणपणी स्वतःची एक रचना केली होती. त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी 'फार उदास आहे' म्हणून ती बाजूला ठेवली, ती कायमचीच. आता टीचरची नजर गेली, तब्येतही गेली. आपली रचना मरायच्या आधी एकदा लोकांसमोर वाजलेली ऐकायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाईंनी ते मनावर घेतलं.

कार्यक्रम ठरला. पहिल्या भागात जगभर गाजलेल्या रचना, दुसऱ्यात कुणी फारशा न वाजवलेल्या, आणि शेवटी टीचरची. पत्रिकेवर बाईंनी छापलं, 'गाजलेल्या आणि उपेक्षित रचना'.

"बाई, तो शब्द काढा," मी म्हणालो. "मराठवाड्यात उपेक्षित म्हटलं की माणसं माईक हुडकतात."

बाई हसल्या. हॉल अण्णाच्या चुलत्याचा, फुकट मिळत होता. फुकटच्या हॉलला अध्यक्षही फुकट चिकटून येतो, हे त्यांना कुठं ठाऊक!

त्या दिवशी शाळेतला पियानो टेम्पोत घालून हॉलवर आणला, आणि मी नोटेशनची पानं उलटायला बाईंच्या शेजारी बसलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाईंनी मान हलवली की पान उलटायचं. पहिला भाग बरा झाला. एक धून सुरू झाल्याबरोबर मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर गाडी रिव्हर्स घेताना वाजती." तेवढ्या ओळखीवर लोकांनी टाळ्या दिल्या. सिकंदराबादहून आणलेल्या टीचर पहिल्या रांगेत काठी धरून बसल्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं आणि गाडीही ठाऊक नव्हती. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

मध्यंतरात अण्णा उठला. "बाई, दोनच शब्द बोलतो," म्हणाला आणि माईक धरला.

"उपेक्षित!" इथून सुरुवात. "या पियानोपरीसबी उपेक्षित कोण असंल, तर आपला मराठवाडा." मग रेल्वे उपेक्षित, पाणी उपेक्षित, सोयाबीन उपेक्षित, अनुशेष, आणि फिरून फिरून अण्णा स्वतः. लोक खूश. आमच्या लोकांना संगीताचं काही नसतं, पण आपल्यावर अन्याय झालाय असं कुणी सांगितलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मी दोनदा चिठ्ठी पाठवली. अण्णानं ती न वाचता खिशात घातली. त्याला वाटलं निवेदन आलंय.

संध्याकाळी त्याच हॉलमध्ये हळद होती. मांडववाले खुर्च्या उचलायला लागले, मागून पातेल्यांचा आवाज यायला लागला. दुसरा भाग गेल्यातच जमा होता. बाईंनी टीचरकडं बघितलं, मग पियानोपाशी जाऊन बसल्या आणि शेवटची रचना वाजवायला लागल्या.

आता कुणीही शरमून गप्प बसला असता. अण्णानं मागं वळून बघितलं, मान डोलावली आणि आवाज खाली आणला. सभेत पुढाऱ्याच्या भाषणामागं कीबोर्डवाला सूर धरतो ना, तसलं काहीतरी आपल्यासाठी चाललंय, अशी त्याची समजूत झाली. मग तर त्याला रडूच फुटलं. "माय-बापहो, किती दिवस उपेक्षित ऱ्हायचं?" सूर थांबला तसा तोही थांबला. हॉल टाळ्यांनी दणाणला. माझा हात पानावर तसाच राहिला, आणि त्या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं फार वाटलं.

टीचरनी विचारलं, "महामाया, वो साब क्या बोल रहे थे?"

बाईंनी पियानोचं झाकण लावलं. "आपकेच बारे में बोल रहे थे टीचर."

म्हातारीनं चाचपडत अण्णाचा हात धरला. "आप मेरे वास्ते इत्ता बोले."

"कर्तव्य है हमारा," अण्णा म्हणाला. हात सोडवून घेतला आणि फोटोला उभा राहिला.

भाषण कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. त्यातली धून अण्णानं वेगळी काढून घेतली, आणि आता तो कुठंही उभा राहिला की त्याच्यामागं तीच वाजते. अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात वाजली, हदगावला वाजली. मोंढ्यात मी एका हमालाला मुद्दाम विचारलं, ही कुणाची हो? तो म्हणाला, "कुणाची म्हंजे? अण्णाची."

टीचर आता अंथरुणाला खिळल्या आहेत. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या शेजारीच होतो.

"फिर बजा क्या कहीं?"

"बजा टीचर. हर जगे बजता. बहुत लोगां सुनते."

"मेरा नाम लेते क्या?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

"लेते टीचर," बाई म्हणाल्या.