विचारून चालणारं मशीन

ती तार मी जोडली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मॅडमविषयी वाचताना तुम्हाला हसू येईल, लिहिताना मलाही येईल, आणि त्या हसण्यात मूळ गोष्ट राहून जाईल. बरीच वर्षं मी ती तशीच राहू दिली.

मॅडम अमरावतीच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. घरची शेती भातकुलीकडे. सुट्टीच्या दिवशी एसटीने अकोल्याला यायच्या आणि एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमधली मशीनं 'शहाणी' करून द्यायच्या. शब्द त्यांचाच. मशीन चालवणारा नवा बोर्ड आला की तो दुपारभर चालू ठेवायच्या, मग चष्मा कपाळावर सरकवून, किती तापला ते पाहायला अलगद गालाला लावायच्या.

"हाताले काय इचारता, भाऊ? आपले हात झाले निबर. गालाले खरं कळते."

आम्ही डाळमिलच्या चाळण्या बनवतो, म्हणजे पत्र्याला ओळीने भोकं पाडतो. ते काम आपोआप व्हावं म्हणून मला मशीनवर कॉम्प्युटर बसवायचा होता. दुकानात मी एक पसंत करून आलो होतो. रुंद पडद्याचा, आत दोन पंखे. मॅडमनी त्याचा फोटो पाहिला.

"तुमाले भोकं पाडाची हायेत का पिच्चर पाहाचा हाय?"

माझ्याकडचे सगळ्यात जुने कारागीर, ज्यांना आम्ही नुसतं मिस्त्री म्हणतो, ते खो खो हसले. मला राग आला. पण मॅडमनी पर्समधून चहाच्या बशीत मावेल एवढा एक बोर्ड, म्हणजे उघडाच छोटा कॉम्प्युटर, काढला आणि वर्गात शिकवावं तसं सांगायला लागल्या. मोठा कॉम्प्युटर वीज जास्त खातो म्हणून तापतो, तापतो म्हणून त्याला पंखा लागतो, आणि तो पंखा आपल्या शेडमधली लोखंडाची धूळ आत ओढतो. हा लहानगा मोबाइलच्या चार्जरवर भागवून घेतो. शिवाय लाइट गेली तरी छोट्याशा बॅटरीवर जागा राहतो आणि कोणत्या भोकाशी थांबलो होतो ते विसरत नाही. त्यापूर्वी लाइट गेली की ओळ चुकायची आणि अर्धवट पत्रा भंगारात जायचा.

मे महिन्यात त्यांनी तीन वेगवेगळे बोर्ड आमच्या टिनाच्या शेडखाली चालू ठेवले. अकोल्याचा मे! माणसं ओले दुपट्टे डोक्याला बांधून काम करत होती. एक बोर्ड आपोआप बंद पडला. दुसरा गालाला लावताच मॅडम "अव् माय!" करून मागे सरकल्या, आणि दिवसभर त्यांच्या गालावर लाल ठिपका राहिला. तिसरा मात्र त्यांनी गालावरून हलवलाच नाही.

"असा जावई पाह्यजे," त्या म्हणाल्या. "खाते कमी आन् तापत तर नाईच."

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसल्या. बोर्ड जागा राहतो, म्हणजे लाइट आली की मशीन आपणहून पुढचं भोक पाडायला जाणार. तेव्हा कुणाचा हात आत असला तर? म्हणून त्यांनी एक पिवळा दिवा आणि एक बटण बसवलं. लाइट आली की दिवा लुकलुकायचा, आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय मशीन हलायचं नाही.

"कोणाच्या घरात जाच्या आधी आपन 'येऊ का' इचारतो ना? मशीननं बी इचारलं पाह्यजे."

तेव्हापासून मिस्त्री बटण दाबताना हमखास म्हणायचे, "या जी, या. बसा."

हिवाळ्यात मॅडम तुरीच्या शेंगा उकडून आणायच्या. मी ती तार जोडली त्या दिवशीही आणल्या होत्या. ऑर्डर घाईची होती. लाइट सकाळपासून येऊन-जाऊन होती, आणि दर वेळी कुणीतरी हातातलं काम सोडून बटणापर्यंत जायचं, याचा मला वैताग आला होता. सगळे चहाला गेले असताना मी पॅनल उघडलं आणि बटणाच्या मागे तारेचा एक तुकडा जोडला. म्हणजे बटण कायमचं दाबलेलंच. संध्याकाळी काढून टाकू, म्हटलं. थोड्या वेळाने मॅडम आल्या. शेंगा वाटल्या, मीही खाल्ल्या. सांगायचं विसरलो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे त्या रागावतील म्हणून बोललो नाही.

लाइट गेली. ड्रिलला लोखंडाचा किस गुंडाळला गेला होता. तो काढायला मॅडमनी हात घातला. आपल्या बटणावर त्यांचा विश्वास होता. तेवढ्यात लाइट आली.

उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक गेलं. दवाखान्यात नेताना ऑटोमध्ये मिस्त्रींनी त्यांचा हात वर धरून ठेवला होता, आणि मॅडम मलाच धीर देत होत्या. "माह्यंच काई राह्यलं असन, भाऊ. तुमी जिवाले लावून घेऊ नका."

दवाखान्यातून मी आधी परतलो, तार काढली आणि खिशात घातली. मागून आलेल्या मिस्त्रींनी पॅनल उघडून पाहिलं, तर सगळं जागच्या जागी. "मॅडमचाच बोर्ड मॅडमले चावला," असं शेडमध्ये ठरून गेलं. मी ऐकत उभा होतो.

त्यानंतर मॅडमनी बाहेरची कामं घेणं सोडलं. मी फळं घेऊन भेटायला जायचो, तब्येत विचारायचो, परत यायचो.

यंदा नव्या मशीनसाठी बोर्ड निवडायचा होता. तीन-चार बोर्ड घेऊन मी त्यांच्याकडे अमरावतीला गेलो. त्यांनी चहा केला. बोर्डांकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"माह्या हातचं आता नको, भाऊ."

"असं का म्हणता?"

"नवी पोरं आली का त्याइले मी हे बोट दाखवते. सांगते, न तपासता काम सोडलं का असं होते." मग आवाज उतरला. "पन ते सर्किट मी किती डाव मनात जोडून पाह्यलं. चूक सापडतच नाई. रिटायर व्हाच्या आधी सापडली पाह्यजे होती."

मी सांगितलं. तार, चहाची वेळ, खिसा, सगळं.

त्यांनी ते बोट समोर धरलं. "म्हंजे माह्यं बटन बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"मिस्त्रीले माहीत हाय?"

"नाही."

"मंग मले एकटीले कायले सांगता? नाव माह्यं तिथं खराब झालं. तिथं सांगा." त्या उठल्या, खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "आन् तो चहा प्या. निवून राह्यला."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या स्वतः ऐकायला अकोल्याला आल्या. मिस्त्रींनी लगबगीने स्टूल पुसून दिलं. त्या बसल्या नाहीत. पर्स काखेत धरून उभ्या राहिल्या. मी सगळी मशीनं बंद करायला लावली आणि माणसांना जवळ बोलावलं.

"मॅडमच्या कामात चूक नव्हती," मी म्हणालो. "बटणामागे तार मी जोडली होती. त्यांचं बोट गेल्यावर ती मीच काढून लपवली, आणि त्यांना दोष लागू दिला."

मिस्त्रींनी मान फिरवली. मी मॅडमकडे वळलो. आदल्या दिवशी परतताना एसटीत बसून जुळवलेलं पुढचं काहीच आठवेना.

"मॅडम, मले माफ करा."