उजनीच्या पोटातला पाहुणा

दातांच्या डॉक्टरला एक सोय असते. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, त्यामुळे बोलायचं काम आपल्याकडे. तात्यांनी ही सोय माझ्याकडून काढून घेतली. कवळीचं माप घेताना तोंडात मसाला भरलेला, तरी घशातून काहीतरी चालूच होतं. माप निघालं, त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आमच्या रानात इमान पडलं हुतं."

तात्या ऐंशीच्या पुढचे. डाळजजवळच्या एका नव्या गावठाणात राहतात. नवं म्हणायचं ते आपलं सवयीनं. उजनी धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा हे वसलं. विमान पडलं ते त्याच्याही कितीतरी आधी, तात्या शेरडं राखायच्या वयाचे असताना. जोंधळ्याच्या रानात एक लहानसं विमान कोसळलं. आत एकटाच माणूस होता. तात्यांच्या वडिलांनी, आबांनी, त्याला बाहेर ओढून काढलं. त्यानं खुणेनं पाणी मागितलं. आडावरून तांब्या भरून येईपर्यंत तो गेला होता.

सरकारी माणसं आली, त्याला घेऊन गेली, पाठोपाठ विमानाचा सांगाडाही गेला. वडिलांनी त्या जागी एक दगड रोवला, चुन्यानं पांढरा केला आणि दर उन्हाळ्यात तिथं तांब्याभर पाणी ठेवायला लागले. पुढं गाव उठलं तेव्हा सगळे देव वाजतगाजत नव्या गावठाणात नेले. हा दगड मात्र त्यांनी हलवू दिला नाही.

"आबा म्हणलं, त्यो देव न्हाय, पाहुणा हाय. उद्या त्याच्या घरचं कुणी हुडकत आलं तर जाग्यावर घावला पायजे."

तेव्हापासून उन्हाळ्यात धरण आटलं की दगड उघडा पडतो आणि तात्या पाणी ठेवून येतात. पण मागचे दोन उन्हाळे पाणी तेवढं हटलंच नाही. यंदा हटलं होतं, तर तात्यांच्या डोळ्यांपुढं धुकं आणि गुडघे रुसलेले. "आबानं जाताना माझ्याकडनं कबूल करून घेतलंय," ते म्हणाले. "तिसरंबी साल कोरडं गेलं तर वर जाऊन काय सांगू?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की कवळीपेक्षा मोठं काम गळ्यात पडलंय हे मला कळलं.

बारामतीत आमची रविवारी चालायला जाणाऱ्या आठ जणांची टोळी आहे. मी ग्रुपवर टाकलं, 'पडलेल्या विमानाची जागा पाहायला कोण येणार?' दोन मिनिटांत सात अंगठे. शिरीष सर, म्हणजे आमचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि टोळीचे स्वयंघोषित नकाशाप्रमुख, यांनी आधी कागदपत्रं शोधायचं ठरवलं. चार संध्याकाळी शोधून हाती काही लागलं नाही. मला तर त्यातच गोडी वाटली. कुठल्याच कागदावर न उतरलेलं विमान एका म्हाताऱ्याच्या डोक्यात तेवढं उतरलेलं.

आधी सरांनी आणि मी जाऊन वाट बघायची, मग सगळ्यांना न्यायचं, असं ठरलं. तुम्हाला जायचं असेल तर मे महिना धरा आणि पहाटे पाचला बारामती सोडा. भिगवण रस्ता चांगला आहे. भिगवणला चहा घ्या, सोलापूर हायवेला लागा, सव्वासहाच्या आत डाळज. दहानंतर त्या उघड्या माळावर उभं राहवत नाही. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, आणि गावातला एक माणूस सोबत हवाच, तो आम्ही पहिल्या खेपेला नेला नव्हता. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली ओला असतो, तो गुडघ्यापर्यंत गिळतो.

आम्ही पोचलो तेव्हा तात्या अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या सूनबाई सुनंदाताईंनी चहा दिला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरचा पत्रा दाखवला. सरकारी गाडीतून राहून गेलेला विमानाचा तेवढा एक तुकडा. सरांनी तो बोटानं वाजवून पाहिला, आतली कोंबडी चिडली. तात्यांनी वाट सांगितली, "देवळाच्या चौथऱ्यापासनं नीट उगवतीकडं. बुजलेला आड लागंल. त्याच्या म्होरं दोन रानं सोडली की दगड." सरांनी वहीत उतरवून घेतलं.

पाण्यातून वर आलेलं गाव कसं दिसतं हे मला नीट सांगता येणार नाही. कमरेएवढ्या भिंती, त्यांना चिकटलेले शिंपले. एका उंबऱ्यावर मासेमारीचं फाटकं जाळं. मधेच ओल धरून कुणीतरी काकड्या लावलेल्या, तेवढाच हिरवा तुकडा. लांब पाण्याच्या कडेला उशिरापर्यंत राहिलेले थोडे रोहित पक्षी. आवाज कशाचाच नाही. आम्ही दोघंही हळू बोलत होतो, घरात कुणी झोपलेलं असताना बोलतो तसं.

आड सापडला, दोन रानं मोजली आणि दगडही सापडला. गुडघाभर उंच, पाण्यानं धुऊन गुळगुळीत. मी तांब्या ठेवला. सरांनी पिशवीतून शेंदूर काढला. तो त्यांनी आपल्या अकलेनं आणला होता. दगड शेंदरी केला, नारळ फोडला, फोटो काढला. मन भरून परतलो.

सुनंदाताईंनी फोटो मोठा करून पाहिला. "मामा, ह्या दगडाला डोक्यावर खाच हाय."

"खाचंचा?" तात्या हसायला लागले, इतके की नवी कवळी काढून हातात धरावी लागली. "अवो, त्यो बांधाचा दगड! त्याच्यावरनं आमच्या चुलत्यानं उभी हयात कोर्ट केलं. आता भावकीला कळलं तर दोनी घरं म्हणतील, देव आमच्याच हद्दीत हाय. आन पाहुण्याला शेंदूर कुणी लावतं व्हय?"

आम्हीही हसलो. मग तात्या कवळी पुसायला लागले. म्हणाले, "म्हंजे पाहुण्याला पाणी न्हायच."

त्या आठवड्यात पुण्याकडं वळवाचा पाऊस सुरू झाला. इकडं थेंब नसला तरी तिकडं पडलं की उजनी चढते. फार तर एक रविवार हातात होता. मी फोन केला तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "मला न्या." सुनंदाताई नको म्हणत होत्या. शेवटी तोड निघाली. काठावरून मासेमारीच्या नावेनं जुन्या गावाच्या कडेपर्यंत जायचं आणि पुढं जेमतेम अर्धा किलोमीटर चालायचं. नावेचं भाडं चढायच्या आधी बोलून घ्या, माणसं सरळ आहेत.

त्या रविवारी आठही जण आलो, आणि तात्यांच्या काळजीनं सुनंदाताईही निघाल्या. नाव निघाली तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधली रेघच नाही. तात्या नावेच्या पुढच्या टोकाला बसलेले, मांडीवर तांब्या, तोंडावर फडकं बांधलेला. नाववाल्यानं सांगितलं, कालपासून वीतभर चढलंय.

उतरल्यावर तात्यांनी वहाणा काढल्या आणि आमच्या पायांकडं बघत म्हणाले, "बुटं काढा. जुनी वाट पायाला कळती, डोळ्याला न्हाय."

आमचे ते महागाचे ट्रेकिंगचे बूट नावेत राहिले. तात्या पुढं, आम्ही एकामागे एक. आणि खरंच, वीतभर गाळाखाली जुनी गाडीवाट होती. टणक, खडीची. जरा बाजूला पाय पडला की मऊ लागायचं. सरांनी वही खिशात घातली. तात्या चालता चालता सांगत होते, ही शाळा, हा कुंभाराचा आवा, हितं मारुती. आम्हाला नुसता करडा माळ दिसत होता, त्यांना बहुतेक सगळं गाव दिसत होतं. एका जागी ते थांबले. "हितं वाकायचं. बाभळीची फांदी हाय." तिथं बाभूळ नव्हती, काहीच नव्हतं. तात्या वाकून पुढं गेले, पाठोपाठ सुनंदाताई. मग सर वाकले, मी वाकले, आणि मागचे सहाही जण एकेक करून वाकले. कुणी हसलं नाही.

पाहुण्याचा दगड आडवा पडून गाळात रुतला होता, तळहाताएवढा कोपरा वर. शेंदरी झालेला बांधाचा दगड तिथून पन्नास पावलांवर ऐटीत उभा. आम्ही हातांनी गाळ उपसला, दगड उभा केला, चुना लावला. तांब्या मात्र तात्यांनी कुणाला दिला नाही. सुनंदाताईंच्या खांद्याला धरून ते खाली बसले, फडकं सोडलं आणि तांब्या दगडापाशी टेकवला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "उशीर झाला बरं का."

मला वाटलं, हे दोन उन्हाळ्यांबद्दल नव्हतं. आडावरून धावत आलेल्या त्या पहिल्या तांब्याबद्दल होतं, आणि बहुधा तो तांब्या शेरडं सोडून धावलेल्या तात्यांच्याच हातात होता. त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बोट केलं. "म्होरल्या खेपंला ह्या डॉक्टरीणबाई येतील. आधी बांधाला पाणी पाजतील, मग तुमाला."

परतताना भिगवणला तळलेली चिलापी मासळी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. मग मुद्दाम वाट वाकडी करून भवानीनगर, काटेवाडीवरून आलो, वाटेत उसाचा रस घेतला. दोन्ही बाजूंनी हिरवागार ऊस. त्याच्या मुळाशी तात्यांच्या गावावरचंच पाणी असावं असं मला वाटत राहिलं. सर म्हणाले, "तसं नाही, इकडचा कालवा वेगळ्या धरणाचा." भूगोलाच्या माणसाला स्वप्नं सोसत नाहीत.

पुढं धरण भरलं. पेपरात फोटो आला, दवाखान्यात आलेला प्रत्येक शेतकरी खुशीत होता. मीही खूश होते आणि थोडी नव्हतेही. पाहुण्याला भेटायचं तर पाणी आटावं लागतं, आणि पाणी आटावं असं धरणाकाठी राहणाऱ्या कुणाच्या तोंडून निघणार? कवळी टोचते म्हणून तात्या आले तेव्हा मी हे बोलून दाखवलं.

"बुडालेला बरा," ते म्हणाले. "पाणी मागितलं हुतं त्यानं, आता पाण्यातच हाय." मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "वाट सांगा बघू."

मी सांगितली. नावेतून उतरून अनवाणी, टणक धरून, शाळा, कुंभाराचा आवा, मारुती, मग बुजलेला आड.

"आन फांदी?"

"मारुतीच्या पुढं. वाकायचं."

तात्यांनी मान डोलावली. मग तोंड उघडलं, आणि मी कवळी घासून परत बसवेपर्यंत पहिल्यांदाच गप्प राहिले.