धोंडूबाईंचं नाक

माझ्या सासूबाई, धोंडूबाई खोत, निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीच्या मालकीण. अर्धी पेठ त्यांना वचकून असायची आणि त्या मात्र काडेपेटीला भ्यायच्या. चेष्टा म्हणून सांगत नाही. त्या खरोखर भ्यायच्या, आणि त्यांच्याबरोबर आम्हा सगळ्यांनाही भ्यावं लागायचं.

त्याला कारण होतं. त्या तरुण असताना वखारीत कुणीतरी विडी नीट न विझवता टाकली. थप्पीच्या पोटात तंबाखू धुमसत राहिला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला. माझे सासरे पोती ओढून काढायला आत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. पुढं सासूबाईंनी वखार पुन्हा उभी केली, पण दाराशी भिंतीत एक कोनाडा ठेवला. हमाल असो नाहीतर बेळगावचा बडा व्यापारी, विडी-काडी कोनाड्यात ठेवायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. तंबाखूच्या वखारीत विडीला बंदी, म्हणून लोक हसायचे. अर्थात त्यांच्या पाठीमागं.

आमचं जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की सासूबाई वखारीत फेरी मारायच्या. मी नवी सून, त्यांच्या मागं. प्रत्येक थप्पीपाशी थांबून त्या विचारायच्या, "राजमती, वास येतोय का गं?"

मी हुंगून सांगायची, "न्हाय आत्ती. तंबाखूचाच."

मला वाटायचं, ह्या माझी परीक्षा घेतात. सासवांना दुसरा उद्योग काय असतो! मग एकदा मी विहिरीवरून घागर घेऊन आले तर स्वयंपाकघरात करपल्याचा वास भरलेला. चुलीवर झाकलेल्या भाताचा तळ कोळसा झाला होता आणि सासूबाई दोन हातांच्या अंतरावर बसून निवांत शेंगा फोडत होत्या. मी झाकण उचललं. त्यांनी भाताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "वखारीतल्या भुकटीनं नाक मेलंय माझं. लई वर्सं झाली. आता तुझं नाक हाय म्हणून डोळा तरी लागतोय."

जिला जगात फक्त आगीची भीती, तिलाच धुराचा वास येत नव्हता. त्या दिवसापासून मला त्यांच्या भीतीचं हसू आलं नाही.

आमच्या घरात मोटार आली ती माझ्या यजमानांच्या हट्टापायी. बेळगावच्या कॅम्पातला कुणी साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची गाडी विकायची होती. सासूबाई म्हणाल्या, "जिनू, ती आगीवर चालतीया म्हंत्यात. आपल्या घराला आग सोसत न्हाय रं." जिनदत्त खोत, वय वर्षं तीस, एका पोराचा बाप, भिंतीकडं तोंड करून निजले आणि जेवेनात. शेवटी आईचं काळीज. वखार त्यांची, म्हणून मोटारही त्यांच्याच नावावर घेतली. लोक तिला 'धोंडूबाईंची मोटार' म्हणायचे आणि धोंडूबाई त्या मोटारीत जीव मुठीत धरून बसायच्या. तवंदीचा घाट लागला की डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू. मोटारीतही विडीला बंदी. आमचा ड्रायव्हर मष्णू मोठा विडीबाज, पण गाडीला हात लावण्याआधी बिचारा कोनाड्यात विड्या ठेवून यायचा.

एकदा तो डब्यातून पेट्रोल ओतत असताना थोडं सासूबाईंच्या हातावर उडालं. त्या दचकल्या. विहिरीच्या पाण्याहून गार लागलं आणि बघता बघता बोटं कोरडी झाली. "आगीचं पाणी एवढं गार कसं रं?" असं त्या मष्णूला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

बत्तीस सालच्या पावसाळ्यात संकेश्वरच्या रस्त्यानं गाडीची हाडं खिळखिळी केली आणि मागच्या टाकीचा सांधा उकलला. थेंब थेंब पेट्रोल गळू लागलं. मष्णूनं तेव्हा सगळे ड्रायव्हर करायचे तेच केलं. कपडे धुवायचा साबण मळून मऊ केला आणि चिरेत दाबून बसवला. साबण पेट्रोलात विरघळत नाही, गळती थांबते. पण तो माझ्या यजमानांना म्हणाला, "मालक, ह्यो निस्ता घडीचा विलाज. बेळगावला न्हिऊन टाकी उतरवून सांध्याला कथलाचा डाख द्याया पायजे."

"दसरा होऊ दे की," हे म्हणाले. "आन् आईला कळू देऊ नगं. तिला कळलं तर गाडीच इकाय लावंल."

दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. मलाही सांगितलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं काटे, वजनं, विळे, सगळ्या हत्यारांची पूजा असायची. त्या वर्षी मोटारीचीही होती. मष्णू झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला, तेवढ्यात परशराम हमालानं हौसेनं गाडी धुवायला काढली. बादल्यांवर बादल्या ओतल्या, काथ्यानं घासली, खाली वाकून टाकीसुद्धा सोडली नाही. टाकीला कुणाचातरी साबण चिकटून राहिलाय असं त्याला वाटलं. तो त्यानं खरवडून काढला आणि वर पाणी मारलं. मग ती ठिबकणारी मोटार चारचौघांनी ढकलत आणून सारवलेल्या अंगणात उभी केली. सगळ्या अंगानं पाणी गळत होतं, त्यात कुठला थेंब कसला हे कोण बघणार?

यजमानांनी तीन वर्षांच्या भरमूला, आमच्या पोराला, उचलून गाडीत मागच्या गादीवर बसवलं आणि दार लावलं. भरमूनं लगेच भोकाड पसरलं. नाक दाबून "घाण, घाण" म्हणायला लागला. जमलेल्या बायका हसल्या, "आज्जीवर गेलाय. भित्रा हाय." मीही दटावलं, "गप रं, पूजा हाय."

सासूबाई विधवा, म्हणून ओवाळायच्या वेळी त्या पुढं यायच्या नाहीत. पांढऱ्या लुगड्याचा पदर घट्ट ओढून त्या गाडीच्या पाठीमागं, भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "राजमती, वास येतोय का गं?"

माझ्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. मी श्वास घेतला. ऊद, झेंडू, कापूर. "न्हाय आत्ती," मी म्हणाले.

पोराचं रडं थांबेना. मागच्या काचेतून त्याचं लाल झालेलं तोंड त्यांना दिसत होतं, नाक अजून चिमटीत धरलेलं. त्यांनी खाली पाहिलं. एव्हाना पुढचं पाणी निथळून संपलं होतं. मागं मात्र अजून टपटप चालू होती. त्यांनी वाकून ओल्या जमिनीला बोट लावलं. बोट गारठलं आणि डोळ्यांसमोर कोरडं झालं. तो गारवा त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, "वरडाय गेले तर आवाज फुटंना."

इकडं यजमानांनी नारळावर कापूर पेटवला आणि गाडीभोवती फेरी घ्यायला निघाले. आमच्याकडं गाडीला असंच ओवाळतात, मग तो नारळ चाकापुढं फोडतात. ते पुढच्या चाकावरून वळले, दारापाशी भरमूला बघून हसले आणि मागच्या बाजूला आले.

सासूबाई त्यांच्या अंगावर धावल्या. दोन्ही तळहात त्या पेटत्या कापरावर दाबले आणि नारळ पोटाशी धरून अंगणाच्या दाराकडं सरकल्या.

मग आमची एक चुलत आत्या किंचाळली, "अगं बया! नवमीचा कापूर इझिवला! आन् तोबी हिनं!"

"आई! काय केलंस ह्ये?" यजमान संतापानं ओरडले. "एवढ्या लोकांम्होरं..."

सासूबाईंना आवाज फुटला तो मला उद्देशून. "राजमती, ताट! मागं हो! गाडी गळतीया!"

मी हातातल्या निरांजनाकडं पाहिलं. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि आत माझं पोर होतं. धावावं तर ज्योत उडेल, उभं राहावं तर पोर आत. तशीच पाठीमागं सरकत विहिरीपाशी गेले आणि अख्खं ताट पाण्यात सोडलं.

तेवढ्यात मष्णू फुलांची पाटी घेऊन दारात आला. गाडीखालची ओल बघताच पाटी टाकून ओरडला, "मालक, साबण कुनी काढला?" आणि गाडीचं दार उघडून त्यानं भरमूला बखोटीला धरून बाहेर ओढलं. कसला साबण, हे सगळ्या अंगणाला मग समजलं.

गाडी ढकलत माळावर नेली, टाकी रिकामी केली. सासूबाईंचे तळहात फोडांनी भरले होते. यजमान त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडत होते. "डाख देणारच हुतो गं आई, दसरा झाल्यावर."

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जिनू, तुला वास आलता?"

यजमानांनी नाही म्हणून मान हलवली. परशरामला विचारलं. नाही. हमालांना, बायकांना, त्या चुलत आत्येला विचारलं. कुणालाच नाही. माणसांनी भरलेलं अंगण, पायाखाली पेट्रोल, आणि सगळ्यांची नाकं तंबाखूनं मेलेली. शेवटी त्या माझ्याकडं वळल्या.

"तुझंबी गेलं व्हय गं?"

माहेराहून, सांब्र्याहून, मी आले तेव्हा मला दोन शेतांपलीकडचा मोगरा ओळखू यायचा. तो वास कधी यायचा थांबला, हे माझं मलाच कळलं नव्हतं.

टाकीला डाख बसला, गाडी पुन्हा चालू झाली. पण त्यानंतर सासूबाई भरमूला मांडीवर घेतल्याशिवाय गाडीत बसल्या नाहीत. "वास येतोय का रं बाळा?" तो हुंगून "न्हाय" म्हणाला की मगच मष्णूनं हॅंडल मारायचं. निपाणी पोट धरून हसली. हसू दे. त्यांनी भरमूला वखारीचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही आणि शाळेच्या वयाचा होताच बेळगावला खासबागेत माझ्या भावाकडं ठेवला. तो सुट्टीला आला की त्या पहिल्यांदा त्याच्या हातात कापलेलं लिंबू द्यायच्या आणि तो हुंगताना त्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या.

पोरगं मॅट्रिक झालं आणि यजमान हटून बसले. एकुलता एक मुलगा, वखार दुसरं कोण बघणार? सासूबाई आता थकल्या होत्या. भांडल्या, रडल्या, दोन वेळा जेवल्या नाहीत, पण ह्या खेपेला मुलगा विरघळला नाही. भरमू वखारीत जायला लागला.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीची खंडेनवमी. गाडी धुऊन पुसून कोरडी केलेली, मष्णूनं सगळे सांधे तपासलेले. सासूबाई काठी टेकत आल्या, भरमूला जवळ बोलावलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. मूठ मिटलेली होती. ती त्यांनी त्याच्या नाकाशी नेऊन थोडा वेळ तिथंच धरली.

"वास येतोय का रं बाळा?"

त्यानं लांब श्वास घेतला आणि लाडानं हसला. "न्हाय आज्जी."

सासूबाईंनी मूठ उघडली. डाग पडलेल्या तळहातावर पेट्रोलात भिजवलेली चिंधी होती.

भरमूनं ती उचलली, नाकाला लावली. पुन्हा लावली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. अगदी तसाच पांढरा पडलेला चेहरा मी पूर्वी एकदा पाहिला होता, करपलेल्या भातापुढं.